इंटेल पीसीएम : बँडविड्थ मोजणारे साधन आणि त्याच्या आकड्यांचा अर्थ

सर्व्हरवरचा एखादा प्रोग्राम अपेक्षेपेक्षा मंद चालू लागला की पहिली नजर प्रोसेसरच्या वापराकडे जाते आणि तो शंभर टक्के दिसला की प्रोसेसर कमी पडतो आहे असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात त्या शंभर टक्क्यांपैकी बराच वेळ मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहण्यात गेलेला असू शकतो, कारण कॅशमध्ये (प्रोसेसरमधील छोट्या, जलद साठ्यात) न सापडलेल्या माहितीसाठी खोळंबलेला कोअर ऑपरेटिंग सिस्टिमच्या हिशेबात कामात गुंतलेलाच धरला जातो. हा खोळंबा कुठे होतो आहे हे जाणून घ्यायचे, तर प्रोसेसर, मेमरी, पीसीआयई उपकरणे (डिस्क, नेटवर्क कार्ड, जीपीयू यांसारखी) आणि दुसरा सॉकेट (त्याच बोर्डावरचा दुसरा प्रोसेसर) यांना जोडणाऱ्या मार्गांवरून सेकंदाला खरोखर किती माहिती वाहते आहे, म्हणजेच बँडविड्थ किती, ते मोजावे लागते. इंटेलच्या प्रोसेसरवर ही मोजणी करणाऱ्या साधनांपैकी ‘पीसीएम’ मला सर्वांत उपयुक्त वाटते. त्याचे आकडे कुठे निःशंकपणे स्वीकारावेत आणि कुठे जपून वाचावेत, हे मात्र ते साधन स्वतःहून पुरेसे स्पष्ट करत नाही. म्हणून या परीक्षणाचा बराचसा भाग त्या वाचनाविषयी आहे.

पीसीएमचे पूर्ण नाव ‘परफॉर्मन्स काउंटर मॉनिटर’ असे आहे, मध्यंतरी ते ‘प्रोसेसर काउंटर मॉनिटर’ म्हणूनही ओळखले जात होते. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले हे साधन बीएसडी परवान्याखाली खुले आहे, गिटहबवर मिळते, विनामूल्य आहे आणि लिनक्सच्या प्रमुख वितरणांच्या भांडारांतही तयार स्वरूपात उपलब्ध आहे. हा एकच प्रोग्राम नसून छोट्या साधनांचा संच आहे. मेमरीसाठी पीसीएम-मेमरी, पीसीआयईसाठी पीसीएम-पीसीआयई आणि पीसीएम-आयआयओ, तर सॉकेटांमधील दुव्यांसाठी मुख्य पीसीएम अशी त्याची विभागणी आहे. चालवण्यासाठी रूट अधिकार आणि एमएसआर (प्रोसेसरच्या अंतर्गत नोंदी) हाताळू देणारे मॉड्यूल लागते. सिक्युअर बूटमुळे कर्नल ‘लॉकडाउन’ अवस्थेत असेल, तर एमएसआर नोंदींमध्ये थेट लिहिता येत नाही आणि इथेच अनेकांची पहिली अडचण होते. विंडोजवर यासाठी स्वतंत्र ड्रायव्हर बसवावा लागतो, त्यामुळे लिनक्सच्या तुलनेत तिथला अनुभव बराच किचकट आहे.

संचातील सर्वांत भरवशाचे साधन पीसीएम-मेमरी हे आहे आणि त्याचे कारण त्याच्या मोजणीच्या जागेत आहे. सर्व्हर प्रोसेसरमध्ये हे साधन मेमरी कंट्रोलरमधील काउंटर (घटना मोजणाऱ्या हार्डवेअर नोंदी) वाचते आणि तो कंट्रोलर डीरॅमला देत असलेल्या ‘कॅस’ आज्ञा, रीड आणि राइट अशा वेगवेगळ्या, मोजतो. प्रत्येक आज्ञेमागे ६४ बाइट, म्हणजे एक कॅश लाइन, इतकी माहिती वाहते. डीडीआर४ मध्ये ८ बाइट रुंदीचे ८ ठोके (सलग हस्तांतरे) आणि डीडीआर५ मध्ये ४ बाइट रुंदीच्या उपचॅनेलवर १६ ठोके, असा हिशेब दोन्हीकडे ६४ बाइटांवरच येतो. त्यामुळे इथे अंदाज किंवा नमुना नसतो. जे चॅनेलवरून गेले तेच मोजले जाते. कोअरच्या बाजूने शेवटच्या कॅशमधील ‘मिस’ (माहिती न सापडण्याच्या घटना) मोजून त्यांना ६४ ने गुणण्याची जी रीत आजही दिसते, ती याच्यापुढे फार अपुरी पडते, कारण तिच्यात हार्डवेअर प्रीफेचरने स्वतःहून आणलेल्या ओळी निसटू शकतात आणि कॅशमधून मेमरीत परत लिहिल्या जाणाऱ्या ओळी तर धरल्याच जात नाहीत.

आकडा अचूक असला तरी तो कशाशी ताडून पाहायचा हे ठरवावे लागते. डीडीआर४-३२०० च्या एका चॅनेलची सैद्धांतिक मर्यादा सेकंदाला २५.६ जीबी, म्हणून आठ चॅनेलांच्या आइस लेक झिऑनची प्रत्येक सॉकेटमागे २०४.८ जीबी, आठ चॅनेल आणि डीडीआर५-४८०० असलेल्या सफायर रॅपिड्सची ३०७.२ जीबी. ही मर्यादा प्रत्यक्षात कधीही गाठली जात नाही. डीडीआर४ मध्ये साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेश (साठवलेली माहिती टिकवण्यासाठी ती ताजी करणे) करावा लागतो आणि ८ गिगाबिटच्या चिपमध्ये त्याला ३५० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास वेळ तिथेच जातो. त्यात रीडकडून राइटकडे बस (मेमरीकडे जाणारा मार्ग) वळवण्याचा आणि एकाच बँकेत वेगवेगळ्या रो उघडण्याचा खर्च मिळवला, तर मर्यादेच्या ८० ते ९० टक्क्यांवर पोहोचलेली यंत्रणा पूर्ण भरलेली आहे असेच समजावे. माझ्या मते नव्या यंत्रावर पीसीएम वापरण्यापूर्वी इंटेलचेच मेमरी लेटन्सी चेकर (मेमरीचा वेग तपासणारे साधन) चालवून त्या यंत्राची व्यवहारातली कमाल नोंदवून ठेवावी आणि पुढचे सगळे आकडे त्या नोंदीशी ताडावेत. माहितीपत्रकातील आकड्याशी तुलना करून बस अजून मोकळी आहे असे मानणे दिशाभूल करणारे ठरते.

पीसीएम-मेमरी प्रत्येक चॅनेलचा आकडा वेगळा दाखवते, हा त्याचा मोठा गुण आहे. आठपैकी चार चॅनेल शून्यावर असतील, तर मेमरीच्या पट्ट्या चुकीच्या खाचांत बसवल्या आहेत किंवा निम्म्याच बसवल्या आहेत हे यंत्र उघडण्याआधी कळते आणि प्रोग्राममध्ये दोष शोधण्यात जाणारे कष्ट वाचतात. केवळ एवढ्या उपयोगासाठीसुद्धा हे साधन प्रत्येक सर्व्हरवर असावे.

एककाचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याने तुलना बिघडतात. पीसीएम-मेमरी एक एमबी म्हणजे दहा लाख बाइट धरते. लिनक्सच्या ‘पर्फ’ या मोजणीच्या साधनातील त्याच मेमरी कंट्रोलरचे कॅस काउंटर मात्र १०,४८,५७६ बाइटांच्या एककात आकडा देतात. म्हणजे पीसीएमने १,००,००० दाखवले तर पर्फ साधारण ९५,३६७ दाखवील आणि दोन्ही बरोबर असतील. दोन साधनांच्या आकड्यांत जवळपास पाच टक्क्यांचा फरक दिसला, तर कारण शोधताना सर्वांत आधी हीच गोष्ट तपासावी.

याहून महत्त्वाचा फरक प्रोग्रामने स्वतःबद्दल सांगितलेल्या आणि बसवर दिसणाऱ्या बँडविड्थमध्ये असतो. जॉन मॅकाल्पिन यांची ‘स्ट्रीम’ ही मेमरी बँडविड्थ मोजणारी चाचणी सर्वत्र वापरली जाते. तिच्या ट्रायड भागात दोन अ‍ॅरे वाचल्या जातात आणि एक लिहिली जाते, म्हणून प्रत्येक घटकामागे ती २४ बाइट धरते. पण साध्या स्टोअर आज्ञेने लिहिताना प्रोसेसर ती कॅश लाइन आधी मेमरीतून वाचून स्वतःच्या ताब्यात घेतो आणि मगच तिच्यात बदल करतो, त्यामुळे बसवर प्रत्यक्षात ३२ बाइट वाहतात. स्ट्रीमने ९० जीबी सांगितले असता पीसीएमवर ९० जीबी रीड आणि ३० जीबी राइट, एकूण १२० जीबी दिसणे हे पूर्णपणे योग्य आहे. कंपायलरने कॅश टाळून थेट लिहिणाऱ्या आज्ञा वापरल्या तर हा फरक नाहीसा होतो. जीसीसी हा कंपायलर तर कॉपीचे साधे लूप ओळखून त्याचे मेमकॉपी या तयार फंक्शनमध्ये रूपांतर करू शकतो, आणि त्या अंमलबजावणीत मोठ्या आकारासाठी अशाच आज्ञा असतात. त्यामुळे एकाच चाचणीच्या कॉपी आणि ट्रायड या भागांत हे गुणोत्तर वेगवेगळे दिसू शकते. रीड आणि राइट यांचे गुणोत्तर पाहून कोड नेमके काय करतो आहे याचा अंदाज बांधता येणे हा या साधनाचा मला सर्वांत आवडलेला उपयोग आहे. प्रोग्राम फक्त लिहितो आहे आणि बसवर जवळजवळ तितकेच रीडही दिसते आहे, तर सुधारणा कुठे करायची हे त्या दोन आकड्यांनीच सांगितलेले असते.

उलट बाजूने, कमी आकडा म्हणजे मेमरीचा अडथळा नाही, हा समज अत्यंत घातक आहे. लिंक्ड लिस्टमधून एकामागून एक नोड शोधत जाणाऱ्या एका कोअरला प्रत्येक पावलाला समजा १०० नॅनोसेकंद थांबावे लागत असेल, तर तो सेकंदाला एक कोटी कॅश लाइन, म्हणजे जेमतेम ६४० एमबी एवढेच आणू शकतो. दोनशे जीबी क्षमतेच्या बसवर हा आकडा नगण्य दिसेल, तरीही तो प्रोग्राम आपला जवळजवळ सगळा वेळ मेमरीसाठी थांबण्यातच घालवत असेल. बँडविड्थ आणि लेटन्सी (माहिती येईपर्यंतचा थांबा) हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पीसीएम-मेमरी त्यांपैकी पहिल्याचेच उत्तर देते. दुसऱ्यासाठी कोअरचे खोळंबलेले चक्र मोजणारे काउंटर पाहावेत किंवा इंटेलच्या व्हीट्यून या विश्लेषण-साधनाचा आधार घ्यावा.

कालावधीकडेही तितकेच लक्ष हवे. डीफॉल्ट कालावधी एक सेकंदाचा असून दिसणारा आकडा त्या सेकंदाची सरासरी असतो. पाव सेकंद १६० जीबीने धावून उरलेला पाऊण सेकंद शांत बसलेला प्रोग्राम पडद्यावर ४० जीबी दाखवतो आणि तो पाव सेकंद बस पूर्ण तुंबलेली होती हे त्यात कुठेच उमटत नाही. कालावधी एक दशांश सेकंदावर आणला की चित्र बदलते; टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या कामांसाठी तो मी कमी करूनच वापरावा असे सुचवेन. शिवाय राइटचा आकडा कॅशमधून ओळी बाहेर ढकलल्या जातात तेव्हा उमटतो, कोडने लिहिले तेव्हा नव्हे, त्यामुळे मोठ्या कॅशच्या प्रोसेसरवर छोट्या चाचण्यांचे राइट उशिरा दिसते किंवा चाचणीच्या वेळेत दिसतच नाही.

हे आकडे कोणत्याही एका प्रोसेसचे नसतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे. टोलनाक्यावर गाड्या मोजणाऱ्याला गाडी कोणाच्या घरून निघाली हे ठाऊक नसते, तसे मेमरी कंट्रोलरला कॅस आज्ञा कोणत्या प्रोग्राममुळे निघाली हे कळत नाही. त्यात कर्नल, नेटवर्क कार्ड आणि शेजारची सेवा अशा सर्वांची भर असते. लॅपटॉपवर हे विशेष जाणवते, कारण तिथे ग्राफिक्सही त्याच मेमरीवर चालते. ४के पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा करायचा आणि प्रत्येक बिंदूला ४ बाइट, तर फक्त पडद्यासाठी सेकंदाला जवळपास २ जीबी वाचन होते. फ्रेमबफरचे संक्षेपण किंवा पडद्याची स्वतःची ताजेपणाची सोय चालू असली तर ते कमी होते. निष्क्रिय लॅपटॉपवर असा आकडा दिसल्यास त्यात काही गैर नाही. कोणता कोअर किती वापरतो आहे हे हवे असेल, तर ब्रॉडवेल झिऑनपासून आलेली मेमरी बँडविड्थ मॉनिटरिंगची सोय आहे आणि मुख्य पीसीएम तिचे आकडे स्थानिक व दूरस्थ मेमरी अशा दोन रकान्यांत देतो. ते आकडे एल३ (शेवटच्या) कॅशच्या बाहेर जाणाऱ्या वाहतुकीचे आहेत, चॅनेलवरच्या कॅस आज्ञांचे नाहीत. त्यामुळे त्यांची बेरीज पीसीएम-मेमरीशी तंतोतंत जुळावी अशी अपेक्षा ठेवू नये.

आता पीसीएम-पीसीआयईकडे वळू. गैरसमजांना सर्वाधिक वाव इथेच आहे, आणि पहिला गैरसमज दिशेचा. या साधनातील ‘पीसीआयई रीड’ म्हणजे उपकरणाने मेमरीतून वाचणे. डिस्कवर फाइल लिहिली जाते तेव्हा एनव्हीएमई उपकरण (पीसीआयईवर चालणारी डिस्क) ती माहिती मेमरीतून वाचून घेते, म्हणून आयओस्टॅट या डिस्कचा वापर दाखवणाऱ्या साधनात राइट वाढते त्याच वेळी इथे रीड वाढते. नेटवर्कवर माहिती पाठवतानाही असेच होते आणि ती स्वीकारताना राइटचा रकाना भरतो. पीसीएम-आयआयओमध्ये ‘इनबाउंड’ म्हणजे उपकरणाने सुरू केलेली डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीशी होणारी) वाहतूक आणि ‘आउटबाउंड’ म्हणजे प्रोसेसरने उपकरणाच्या नोंदींकडे केलेली वाहतूक, तर एनव्हिडियाच्या साधनातील आरएक्स (येणारी) आणि टीएक्स (जाणारी) हे जीपीयूच्या बाजूने सांगितलेले असतात. एकाच वाहतुकीला तीन साधनांत तीन दृष्टिकोनांतून नावे दिलेली असल्यामुळे, कोणताही निष्कर्ष काढण्याआधी एक मोठी फाइल एकाच दिशेने हलवून कोणता रकाना हलतो ते पाहून घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

दुसरा मुद्दा बाइटांचा. पीसीएम-पीसीआयई मुळात घटना मोजते. उपकरणाचे रीड ‘पीसीआय-रीड-करंट’ या नावाने आणि पूर्ण ओळीचे राइट ‘आय-टू-एम’ या नावाने येते. बँडविड्थ मागितली की साधन घटनांना ६४ ने गुणते. मोठ्या सलग हस्तांतरात हे योग्यच आहे. परंतु नेटवर्क कार्ड १६ बाइटांचे डिस्क्रिप्टर (बफरविषयीची छोटी नोंद) वाचत असेल, तर प्रत्येक वेळी पूर्ण ६४ बाइट मोजले जाऊ शकतात आणि छोट्या पॅकेटांच्या कामात आकडा फुगतो. दुसऱ्या बाजूने, पीसीआयईच्या पॅकेटांचे शीर्षभाग आणि तपासणी बेरजा या मोजणीत नसतात. तिसऱ्या पिढीच्या १६ लेनांची मर्यादा प्रत्येक दिशेला १५.७५ जीबी आहे. पॅकेटमागे कमाल २५६ बाइट माहिती आणि वीस-चोवीस बाइटांचा अतिरिक्त भार धरला तर नव्वद टक्क्यांच्या थोडे वर आणि १२८ बाइटांना पंचाऐंशीच्या आसपास उरतात, त्यातूनही पोच आणि प्रवाहनियंत्रणाचे संदेश वजा होतात. म्हणून अशा दुव्यावर १२ ते १३ जीबी दिसणे म्हणजे दुवा भरलेला असणे होय. जुन्या प्रोसेसरांवर काउंटर मोजकेच असल्यामुळे साधन घटनांचे गट आळीपाळीने मोजून पूर्ण कालावधीचा अंदाज काढते. तिथे क्षणिक उसळ्यांचा आकडा शब्दशः घेऊ नये. काही रकाने बायोसच्या मांडणीनुसार शून्यच राहू शकतात, आणि याची सूचना साधन स्वतः देते ही चांगली गोष्ट आहे.

पीसीआयई आणि मेमरी यांचे आकडे शेजारी ठेवले की आणखी एक कोडे उभे राहते. उपकरणाने १० जीबी लिहिले आणि मेमरीत तेवढे राइट दिसलेच नाही, असे घडते. २०१२ च्या झिऑन ई५ पासून इंटेलने आणलेल्या डीडीआयओ या सोयीमुळे उपकरणाचे लेखन थेट शेवटच्या कॅशमध्ये उतरते आणि प्रोसेसरने ते लगेच उचलले, तर मेमरीपर्यंत जाण्याची गरजच पडत नाही. यासाठी साधारणतः कॅशचे दोनच ‘वे’ (विभाग) राखलेले असतात. प्रोसेसर मागे पडला की ते भरतात, ओळी मेमरीत ढकलल्या जातात आणि नंतर त्या परत वाचाव्या लागतात. तेव्हा मेमरीचे रीड आणि राइट दोन्ही पीसीआयई राइटच्या बरोबरीने चढू लागतात. नेटवर्कचा वेग तोच असताना मेमरीचे आकडे असे चढताना दिसले, तर बफरचा आकार आणि पॅकेट उचलण्याचा वेग तपासावा. दोन वेगळ्या साधनांचे आकडे एकत्र वाचल्याशिवाय हे निदान होतच नाही, आणि पीसीएमच्या संचाचे खरे मूल्य मला इथे दिसते.

दोन सॉकेटांच्या यंत्रावर मुख्य पीसीएम यूपीआय (सॉकेटांना जोडणाऱ्या) दुव्यांचे दोन तक्ते देतो आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. येणाऱ्या वाहतुकीत फक्त माहिती मोजली जाते, तर जाणाऱ्या वाहतुकीत माहितीसोबत स्नूप (दुसऱ्या कॅशकडे केलेली चौकशी), विनंत्या आणि पोच असे सगळे संदेश मोजले जातात. त्यामुळे एका सॉकेटमधून निघालेला आकडा दुसऱ्यात पोहोचलेल्या आकड्यापेक्षा मोठा असणे स्वाभाविक आहे. यूपीआय वाहतूक आणि मेमरी वाहतूक यांचे जे गुणोत्तर छापले जाते, तेच मी आधी पाहण्याचा सल्ला देईन. १०.४ गिगाट्रान्सफरच्या एका दुव्याची क्षमता प्रत्येक दिशेला २०.८ जीबी आहे, म्हणजे दोन दुवे मिळून ४१.६ जीबी, आणि डीडीआर४-२६६६ च्या सहा चॅनेलांची स्थानिक मेमरी १२८ जीबीची. प्रोग्रामची मेमरी चुकीच्या सॉकेटवर पडली, तर मेमरी मोकळी असतानाही दुवा भरून जातो. हे गुणोत्तर चढलेले दिसले की नुमाची बांधणी (प्रोग्राम आणि त्याची मेमरी एकाच सॉकेटवर ठेवणे) सुधारणे हा सर्वांत स्वस्त उपाय असतो.

पर्यायांचाही विचार करावा. पर्फ लिनक्ससोबतच येते आणि वेगळा ड्रायव्हर लागत नाही, पण मेमरीच्या काउंटरांसाठी ते संपूर्ण यंत्रणेवर चालवावे लागते आणि आकड्यांची जुळणी आपणच करायची असते. जर्मनीतील एर्लांगन येथे विकसित झालेले लिकविड कोडच्या ठरावीक भागापुरती मोजणी करू देते, म्हणून संशोधकांना ते अधिक सोयीचे आहे. एएमडीच्या प्रोसेसरवर पीसीएमचा उपयोग नाही. तिथे एएमडीच्याच यूप्रोफ संचातील पीसीएम नावाचेच वेगळे साधन वापरावे. जीपीयूच्या बाबतीत एनव्हिडिया-एसएमआयचा पीसीआयई आकडा फक्त २० मिलिसेकंदांच्या खिडकीचा असतो, म्हणून त्याच्या एकाच वाचनावर काहीही ठरवू नये. आणि त्यातील ‘मेमरी वापर’ ही टक्केवारी मेमरीत वाचन किंवा लेखन चालू असलेल्या वेळेची आहे, बँडविड्थची नव्हे.

पीसीएमविषयी माझी तक्रार दस्तऐवजांची आहे. कोणता रकाना कोणत्या जागी मोजला जातो, दिशा कोणाच्या बाजूची आणि आकडा मोजलेला की अंदाजलेला, हे प्रत्येक तक्त्याखाली एका ओळीत छापले असते तर नवख्या वापरकर्त्याचे कितीतरी श्रम वाचले असते. आज ही माहिती मदतीच्या मजकुरात, स्रोत कोडमध्ये आणि प्रोसेसरच्या अनकोअर (कोअरबाहेरच्या भागांच्या) संदर्भपुस्तिकेत विखुरलेली आहे. सातत्याने नोंद ठेवू पाहणाऱ्यांसाठी पीसीएम-सेन्सर-सर्व्हर हे साधन प्रोमिथियस या नोंदी साठवणाऱ्या प्रणालीला समजेल अशा स्वरूपात आकडे पुरवते आणि ते ग्राफाना या आलेख दाखवणाऱ्या साधनावर चढवता येतात; पडद्यावर धावणारे तक्ते वाचण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक पसंत आहे. भाड्याच्या क्लाउडवर मात्र हे सारे जपून गृहीत धरावे, कारण सामान्य आभासी यंत्रांवर अनकोअर काउंटर बहुधा दिलेलेच नसतात. ज्यांना मेमरी आणि पीसीआयईचे आकडे हवेत त्यांनी बेअर मेटल प्रकारचे (आभासी नसलेले, प्रत्यक्ष) यंत्र घ्यावे.